ॲनालॉग वॉकीटॉकी काढून डिजिटल घ्यायचा का? मोटोरोला एक्सआयआर पी३६८८, बडोद्यातल्या कारखान्यांच्या हिशेबाने

मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या मध्यम कारखान्याचं सकाळी नऊचं गेट डोळ्यांपुढे आणा. सिक्युरिटीवाल्याच्या खांद्यावरचा सेट खरखरतोय. वजनकाट्यावरचा माणूस "गाडी छोडूं क्या" विचारतोय, त्याच्याच बोलण्यावर मेंटेनन्सचा फिटर "पॅनल बंद कर" म्हणून चढलाय, आणि दोघांचंही अर्धंच कळतंय. तीस सेट, चॅनेल एक. बाकीचे सगळे कंटाळून खिशातला मोबाइल काढतात. डिजिटल सेट घ्यायचा विषय इथून निघतो, आणि मीटिंगमध्ये पहिलाच प्रश्न येतो, 'कुठला सेट घ्यायचा?' तो प्रश्न खरं तर चौथा किंवा पाचवा असायला हवा.

हा रिव्ह्यू मोटोरोलाच्या एक्सआयआर पी३६८८ या हातातल्या सेटचा आहे. ॲनालॉगवरून पहिल्यांदा डिजिटलवर येणाऱ्यासाठी हा सरळसाधा सेट आहे: डिस्प्ले नाही, वर सोळा चॅनेलचा खटका, बाजूला पीटीटी, म्हणजे बोलताना दाबायचं बटण, आणि हवं ते काम लावता येईल अशी आणखी बटणं. एकाच सेटवर ॲनालॉगही चालतं आणि डिजिटलही. पॉवर व्हीएचएफ या खालच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात ५ वॅट, यूएचएफ या वरच्या पट्ट्यात ४ वॅट. धूळ आणि शिंतोड्यांसाठी आयपी५४, म्हणजे पावसात गेटवर उभ्या गार्डच्या खांद्यावर चालेल, पण पाण्याच्या बादलीत पडला तर हमी नाही. सेट म्हणून तो चांगलाच आहे. पण जो निव्वळ सेट बदलतो आणि बाकी काही बदलत नाही, त्याला फक्त आवाज स्वच्छ मिळतो. गेटवरचा गोंधळ तसाच राहतो, इतकंच की आता तो स्वच्छ आवाजात ऐकू येतो.

त्याचं कारण डिजिटलच्या मुळात आहे. हा सेट डीएमआर या युरोपीय मानकावर चालतो. ते मानक एट्सी या संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलचे वेळेत दोन तुकडे केलेले असतात, ३० मिलिसेकंद पहिल्या स्लॉटला आणि ३० दुसऱ्याला, आळीपाळीने. एका स्लॉटवर सिक्युरिटी बोलत असताना दुसऱ्यावर मेंटेनन्स बोलू शकतं, फ्रिक्वेन्सी तीच. पण दोन्ही स्लॉट घड्याळ लावून चालवायला मधे कोणीतरी लागतं, आणि ते काम डिजिटल रिपीटर करतो, म्हणजे सेटचा सिग्नल पकडून उंचावरच्या अँटेनातून जोरात परत सोडणारं यंत्र. रिपीटर नसेल तर सेट ते सेट बोलताना सर्वसाधारणपणे एका वेळी एकच बोलणं चालतं, म्हणजे जिथे होतो तिथेच. रिपीटरशिवाय दोन्ही स्लॉट वापरायची एक सोय मानकात आहे, पण ती प्रत्येक सेटवर आणि प्रत्येक लायसन्सवर मिळेलच असं नाही. विक्रेता 'होतं ना साहेब' म्हणाला की त्याला समोर चार सेट घेऊन दोन-दोनच्या जोड्या एकाच वेळी बोलून दाखवायला सांगावं. पाच मिनिटांत कळतं.

म्हणून आठ-दहा सेट, एक शेड, एक गेट एवढाच पसारा असेल तर डिजिटलची घाई नको. चांगल्या बॅटऱ्या घ्या, ॲनालॉगवरच टोन (आपल्याच गटाचे सेट ऐकू यावेत म्हणून बोलण्यासोबत जाणारा सूर) नीट लावा, पैसे वाचतील. वीसच्या वर सेट, दोन-तीन विभाग, दोन गेट, आणि रिपीटर आधीच आहे किंवा लावायची तयारी आहे, तिथे मात्र हा बदल लगेच वसूल होतो.

रिपीटर जुना ॲनालॉग असेल तर तो बदलावा लागतो. बऱ्याच जणांना वाटतं, रिपीटर काय, आलेला आवाज पुढे ढकलतो, मग डिजिटल आवाजही ढकलेल. ढकलत नाही. ॲनालॉग रिपीटर आलेला सिग्नल आवाजात उतरवतो आणि परत चढवतो, त्यात डिजिटलचे चार पातळ्यांचे सिग्नल चिरडून जातात. शिवाय स्लॉटचं वेळापत्रक त्याला माहीतच नसतं. फ्रिक्वेन्सी किती स्थिर राहते हाही मुद्दा आहे. जुनी यंत्रं २.५ पीपीएममध्ये (दहा लाखांत अडीच भाग) बसायची, म्हणजे ४५० मेगाहर्ट्झवर ११२५ हर्ट्झपर्यंत सरकली तरी चालायचं, कानाला फार कळायचं नाही. डिजिटलला १.५ पीपीएम किंवा त्याहून चांगलं लागतं, म्हणजे ६७५ हर्ट्झच्या आत. त्यापलीकडे सरकलं की आवाज घसरत नाही, सरळ तुटतो.

पी३६८८ च्या जोडीला एसएलआर ५३०० हा रिपीटर बसतो. ५० वॅट, रॅकमधली एक युनिट जागा, आणि पुढच्या पट्टीवर दोन्ही स्लॉटचे वेगवेगळे दिवे. हे दिवे किरकोळ वाटतात, पण बसवल्यानंतरचा पहिला महिना सगळं निदान त्यांच्यावरच होतं. सिक्युरिटी बोलतेय आणि दुसऱ्या स्लॉटचा दिवा लागला, म्हणजे कोणाच्या तरी सेटमध्ये स्लॉट उलटा भरलाय. बोलणारा बोलतोय आणि रिसीव्हचा दिवाच लागत नाही, म्हणजे सिग्नल रिपीटरपर्यंत येतच नाही, सेट बदलून उपयोग नाही. डायनॅमिक मिक्स्ड मोड नावाची सोयही यात आहे: एकाच रिपीटरवर ॲनालॉग आणि डिजिटल दोन्ही सेट चालतात, जसा सिग्नल येईल तसा रिपीटर वागतो. बदलाच्या काळात ही सोय फार कामाची, पण तिची एक किंमत आहे. कोणी एक ॲनालॉग सेटवर बोलायला लागला की दोन्ही स्लॉट अडतात. तीस डिजिटल सेटांत दोन जुने ॲनालॉग सेट शिल्लक राहिले तर त्या दोघांच्या बोलण्यापायी सगळे थांबतात. मग 'डिजिटल घेऊनही लाइन बिझी येते' अशी तक्रार येते, आणि तक्रारीचं मूळ कॅन्टीनच्या कपाटात पडलेल्या जुन्या सेटात निघतं.

केबलचा हिशेब

आता ज्या गोष्टीवर सगळ्यात कमी पैसे खर्च होतात आणि सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्यावर थोडं थांबू. रिपीटर खाली, अँटेना टॉवरवर, मधे ३० मीटर केबल. समजा डुप्लेक्सरमधून, म्हणजे रिपीटरची ऐकायची आणि बोलायची अशा दोन्ही फ्रिक्वेन्सी एकाच अँटेनावर चालवणाऱ्या फिल्टरमधून, ४० वॅट बाहेर पडले. केबल आरजी-५८ असेल, म्हणजे जुन्या मोबाइल अँटेनाला असते तसली बारीक, तर ४५० मेगाहर्ट्झवर ३० मीटरमध्ये साधारण १० डीबी (डेसिबल; दर तीन डीबीला पॉवर निम्मी होते) जातात. वर अँटेनाला चार वॅटही पोचत नाहीत, म्हणजे पन्नास वॅटचा रिपीटर हातातल्या सेटाएवढा झाला. आरजी-२१३ मध्ये साडेचार ते पाच डीबी, म्हणजे तेरा-चौदा वॅट. एलएमआर-४०० मध्ये पावणेतीनच्या आसपास, म्हणजे एकवीस वॅट. अर्धा इंची कॉपरच्या नळीची केबल घेतली तर दीड डीबीच्या आत, जवळजवळ तीस वॅट वर.

लोक हा हिशेब बोलण्याच्या बाजूने करतात. खरा मार बसतो ऐकण्याच्या बाजूला. हातातला चार वॅटचा सेट कंबरेला, मधे पत्र्याची शेड, तिथून आलेला कमजोर सिग्नल अँटेनावर पोचला तरी खाली येईपर्यंत केबल त्यातला मोठा भाग गिळते. ॲनालॉगमध्ये तो खरखरीसह का होईना ऐकू यायचा, आणि कान तयार झालेला ऑपरेटर त्यातले शब्द उचलायचा. डिजिटलमध्ये मधला मार्ग नाही. बिट चुकण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास गेलं की आवाज घुसमटतो, पाण्याखालून बोलल्यासारखा होतो आणि मग एकदम बंद. डिजिटलला कडा असते, उतार नसतो. त्यामुळे 'जुना सेट बॉयलरच्या मागे चालायचा, नवा चालत नाही' ही तक्रार खोटी नसते. चालायचा म्हणजे खरखरत चालायचा, एवढंच.

उपाय सेटमध्ये नाही, वर आहे. केबल जाड घ्या, कनेक्टर एन टाइपचे, वरच्या जोडावर स्वतः चिकटणारी रबर टेप आणि तिच्यावर उन्हाला टिकणारी टेप. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जातं, आत येत नाही. बडोद्याचा पाऊस जून-जुलैत धडाधड येतो, आणि ऑगस्टमध्ये कनेक्टरमध्ये पाणी शिरल्याची लक्षणं दिसायला लागतात: एसडब्ल्यूआर (अँटेनाकडे गेलेली पॉवर किती परत फिरते त्याचं माप) १.५ च्या वर, रिपीटर आपोआप पॉवर कमी करतो, लांबचे सेट आधी जातात. लाइटनिंग अरेस्टर हवाच, आणि त्याचं अर्थिंग टॉवरच्या अर्थिंगशी जोडलेलं हवं. वेगळा खड्डा खणून वेगळं ठेवलं तर वीज पडल्यावर दोन अर्थमधला फरक रिपीटरच्या पोटातून जातो.

डुप्लेक्सर तुमच्याच दोन फ्रिक्वेन्सींवर ट्यून केलेला हवा. कोटेशनमध्ये 'ट्यून करून आणि रीडिंगसह' असे शब्द लिहून घ्या. गोदामातून काढून तसाच बसवलेला डुप्लेक्सर चालतो, पण अर्धाच.

लायसन्स

इथे थोडक्यात आणि ठाम. असे पाच वॅटचे सेट विकत घेतले की लगेच चालू केले, असं नाही. फ्रिक्वेन्सी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या फ्रिक्वेन्सी वाटणाऱ्या शाखेकडून मिळते, अर्ज सरल संचार पोर्टलवर, आणि टॉवरसाठी सॅकफा या टॉवरच्या जागा तपासणाऱ्या समितीची मंजुरी. आधीच ॲनालॉगचं लायसन्स असेल तरी ते तपासून घ्या. ॲनालॉगचं एमिशन (सिग्नलचा प्रकार सांगणारा कोड) सहसा ११के०एफ३ई असं लिहिलेलं असतं, डीएमआरचं ७के६० ने सुरू होतं. कागदावर जुनं आणि हवेत नवं, असं ठेवू नका. या दुरुस्तीला महिने लागतात असं धरूनच तारखा ठरवा. सेट आल्यावर अर्ज करणं म्हणजे वरात दारात आल्यावर मांडव घालायला घेणं.

लायसन्सशिवाय चालणारा पट्टा आहे, पण तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा, कमी पॉवरच्या सेटांसाठी. पी३६८८ त्यात बसत नाही. ऑनलाइन दुकानांत स्वस्तात मिळणाऱ्या वॉकीटॉकींबद्दल ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या त्या याच कारणाने: फ्रिक्वेन्सी न सांगता, लायसन्स लागतं हे न सांगता सेट विकले जात होते. कारखान्याच्या गेटवर असला सेट सापडला तर उत्तर कारखान्याला द्यावं लागतं, दुकानदाराला शोधत बसायला वेळ नसतो.

लायसन्सच्या बाजूने डिजिटलचा खरा फायदाही सांगायला हवा. ॲनालॉगवर दोन वेगवेगळे चॅनेल हवे असतील तर रिपीटरच्या फ्रिक्वेन्सीच्या दोन जोड्या, दोन रिपीटर, दोन अँटेना. डीएमआरमध्ये एकाच जोडीवर दोन बोलणी चालतात. फ्रिक्वेन्सीची रक्कम दरवर्षी भरायची असते, म्हणून हा फायदा पहिल्या वर्षापुरता नाही.

प्रोग्रामिंगमध्ये काय काय चुकतं

पी३६८८ ला डिस्प्ले नाही, त्यामुळे सगळं काही आधी आत भरावं लागतं आणि चुकलं तर सेट बघून कळत नाही. सोळा जागा आहेत. चालणारी एक मांडणी अशी: पहिल्या सहा जागांवर डिजिटल, त्यात १ वर सिक्युरिटी, २ वर मेंटेनन्स, ३ वर प्रॉडक्शन, ४ वर सगळ्यांना एकत्र. सातवी-आठवी रिकामी, मुद्दाम, म्हणजे बोट चुकलं तर सेट गप्प राहतो आणि माणसाला कळतं. नऊ-दहावर जुनं ॲनालॉग, बदल पूर्ण होईपर्यंत. सोळावी जागा रिपीटर बंद पडला तर थेट सेट ते सेट बोलण्यासाठी. ती शेवटच्या टोकाला ठेवायची, म्हणजे अंधारात खटका गच्च फिरवला की हात आपोआप तिथेच जातो. सोळावी जागा लायसन्समध्ये बसते ना, हे विचारून घ्या.

कलर कोड ० ते १५, सोळा. ॲनालॉगच्या टोनच्या जागी हा येतो. बहुतेक ठिकाणी तो १ वरच सोडलेला असतो, ग्रुपचा (एकमेकांना ऐकणाऱ्या सेटांच्या गटाचा) नंबरही १. शेजारच्या प्लॉटवाल्याला तीच फ्रिक्वेन्सी मिळाली आणि त्याच्याही प्रोग्रामिंगवाल्याने १ आणि १ च सोडलं, तर त्याच्या ट्रकची आवक-जावक तुमच्या गेटवर ऐकू येते. बदला. काहीही ठेवा, १ ठेवू नका.

प्रत्येक सेटला वेगळा आयडी हवा. एक सेट भरून बाकीच्या सगळ्यांत तोच उतरवला की काम पंधरा मिनिटांत होतं, म्हणून अनेकदा तसंच केलं जातं. मग हरवलेला एक सेट दुरून बंद करायला गेलात की सगळेच बंद पडतात. आयडी विभागानुसार ठेवला तर पुढे सोपं जातं: सिक्युरिटी १०१ पासून, मेंटेनन्स २०१ पासून. तोच आकडा सेटच्या मागे बॅटरीखाली चिकटवा. बॅटरीवर नको, बॅटऱ्या अदलाबदल होतात.

बोलण्यावर वेळेची मर्यादा ६० सेकंद पुरते. मर्यादाच नसेल तर सीटखाली दाबलं गेलेलं फोर्कलिफ्टवाल्याचं पीटीटी अर्धा तास स्लॉट खाऊन बसतं. बोलायची परवानगी 'कलर कोड मोकळा असेल तरच' अशी लावा, म्हणजे एकावर एक चढणं थांबतं. प्रायव्हसीचं बटण लावायचं तर बेसिक प्रायव्हसीत १ ते २५५ एवढेच की-नंबर असतात. तो पडदा आहे, कुलूप नाही. पगाराच्या रोकड्याची वेळ त्यावर बोलू नये.

आणि प्रोग्रामिंगची फाइल. ती पेनड्राइव्हवर तुमच्याकडे असली पाहिजे, पासवर्डसह. पासवर्ड देणार नाही म्हणणारा विक्रेता पुढच्या प्रत्येक बारीक बदलाचं बिल आत्ताच लिहून ठेवतोय.

बटण दाबा, थांबा, मग बोला

डिजिटलवर पीटीटी दाबल्याबरोबर बोलायचं नसतं. सेट आधी रिपीटरशी जुळतो, बीप देतो, मग बोलायचं. ॲनालॉगवर दहा वर्षं घालवलेला माणूस दाबता दाबता बोलतो, आणि त्याचा पहिला शब्द जातो. खरखरीत विरत नाही, कापल्यासारखा जातो, पलीकडच्याला काही हरवल्याची शंकासुद्धा येत नाही. क्रेनवर हे भलतं घातक आहे. खालचा माणूस म्हणतो "मत उठाना", वर पोचतं "उठाना". शेडमधली बोली हिंदी-गुजराती-मराठीची मिसळ असते, आणि हिंदीत नकार पुढे येतो. म्हणून क्रेनच्या चॅनेलवर नकारार्थी वाक्य बंद करायचं. थांबवायचं तर "रुको, रुको, रुको", तीनदा, बस. पहिला गेला तरी दोन पोचतात. आणि हूकखाली माणूस असेल तिथे हाताचा इशारा रेडिओच्या वर, नेहमी.

बीपच्या जागी नकाराचा वेगळा आवाज आला तर दोनच अर्थ: स्लॉट बिझी किंवा रिपीटर पोचत नाही. इथे डिजिटल ॲनालॉगपेक्षा प्रामाणिक आहे. ॲनालॉग सेटवर माणूस रेंजबाहेर उभा राहून मिनिटभर बोलत राहतो आणि त्याला वाटतं ऐकलं गेलं. नव्या लोकांना दोन्ही आवाज ऐकवून दाखवणं, एवढं ट्रेनिंग दहा मिनिटांचं आहे, पण ते शिफ्ट बदलताना तिन्ही शिफ्टना द्यावं लागतं. रात्रपाळी नेहमी राहून जाते.

आवाजाबद्दल. हा सेट बोलणं बिटांमध्ये बदलतो ते माणसाच्या आवाजाचा नमुना धरून. स्वर, व्यंजनं तो छान नेतो; शिट्टी, भोंगा, कॉम्प्रेसरचा दणका यांची तो खिचडी करतो. कॉम्प्रेसर रूममधून बोललं तर दोन परिणाम होतात. तोंडाजवळ, साधारण दोन इंचांवर, किंचित तिरपं धरून मध्यम आवाजात बोललं तर मागचा आवाज जवळजवळ गायब होतो. हात लांब ठेवून ओरडलं तर शब्दच मोडतात. ॲनालॉगमध्ये ओरडणं हाच उपाय होता, त्यामुळे ही सवय मोडायला महिना लागतो. शिट्टी वाजवून इशारा देणाऱ्या सिक्युरिटीवाल्यांनी तो इशारा रेडिओवर पोचेल असं धरू नये. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर, ढोल आणि स्पीकरच्या भिंतीसमोर उभ्या गार्डांना निव्वळ सेट पुरत नाही, कानात इअरपीस आणि कॉलरला माइक लागतोच. पी३६८८ ला मोटोरोलाचा दोन पिनचा जॅक आहे, त्यामुळे जुन्या दोन पिनच्या इअरपीस कपाटात असतील तर फेकू नका, आधी लावून बघा.

दोन सेट हातभर अंतरावर असले की ॲनालॉगवर लगेच किंकाळी यायची. डिजिटलवर आवाज थोडा उशिरा येतो, त्यामुळे किंकाळीऐवजी प्रतिध्वनी येतो. केबिनमध्ये तीन-चार सेट चार्जरवर चालूच ठेवायची पद्धत असेल तर ती बंद करा.

बॅटरी

डिजिटलवर बोलताना सेट आपल्याच स्लॉटपुरता चालतो, म्हणजे ट्रान्समीटर निम्माच वेळ चालू राहतो, म्हणून बॅटरी जास्त पुरते. कंपन्या ४० टक्क्यांपर्यंत म्हणतात. तो आकडा ५-५-९० या गृहीतावर असतो: पाच टक्के बोलणं, पाच टक्के ऐकणं, नव्वद टक्के गप्प. गेटवरचा सेट नव्वद टक्के गप्प नसतो. बारा तासांच्या शिफ्टला एक बॅटरी पुरेल असं धरून बसू नका. सिक्युरिटीच्या प्रत्येक सेटमागे एक जादा बॅटरी ठेवा, बाकीच्यांना प्रत्येक चार सेटांमागे एक.

बडोद्याचा मे महिना बॅटरीचा काळ असतो. केबिनच्या पत्र्याखाली दुपारी चाळीसच्या वर सहज जातं, आणि लिथियमच्या बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात. चार्जर गेटच्या केबिनमध्ये ठेवण्याऐवजी ऑफिसात ठेवा. प्रत्येक बॅटरीवर सुरुवातीचा महिना मार्करने लिहा. दीड-दोन वर्षांनी शिफ्ट पुरी करत नाही अशी कोण आहे ते त्यावरून कळतं, नाहीतर सगळ्याच बदलल्या जातात.

रिपीटरची बॅटरी वेगळी. पूर्ण पॉवरवर तो १०-१२ अँपिअर घेतो, गप्प असताना एकाच्या आसपास. तासातला पाव वेळ बोलणं धरलं तर सरासरी चार अँपिअरच्या घरात, म्हणजे १०० एएचची बॅटरी अर्ध्यापर्यंत वापरली तर बारा तास. बडोद्यात रिपीटर तळमजल्यावर ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पाण्याने शहराचा बराच भाग बुडाला होता. अशा वेळी रेडिओ कामाला यायचा, तर रिपीटर आणि त्याची बॅटरी दोन्ही पहिल्या मजल्यावर किंवा त्याच्या वर हवीत. जिन्याखालची रिकामी जागा सगळ्यात आधी सुचते, आणि पाणी सगळ्यात आधी तिथेच येतं.

कुणी हा सेट घेऊ नये

नंदेसरीच्या केमिकल युनिटमध्ये, कोयलीच्या रिफायनरीच्या आवारात किंवा जिथे सॉल्व्हंटची वाफ असू शकते अशा कुठल्याही ठिकाणी हा साधा सेट चालणार नाही. तिथे एक्सची (Ex, म्हणजे स्फोटक वाफेत चालवायला सुरक्षित) खूण असलेला, नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या स्फोटकांच्या सुरक्षेच्या सरकारी संस्थेची मंजुरी असलेला सेटच लागतो, आणि त्याची बॅटरीही त्याच मंजुरीतली. अशा सेटची पॉवर सहसा बरीच कमी असते, म्हणून तिथे रिपीटरची अँटेना आणखी जवळ आणावी लागते. बॅटरी बदलायची ती धोक्याच्या भागाबाहेरच. साध्या सेटवर चामड्याचं कव्हर घालून 'चालतंय की' म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

ज्यांना मेसेज, नावं, जीपीएस हवं त्यांनी डिस्प्लेवाला सेट बघावा, पी३६८८ वर ते ओढूनताणून बसत नाही. केनवुडचा एनएक्स-१३०० हाही या वर्गातला पर्याय आहे. पण मॉडेलनंबरमागचं अक्षर नीट बघा: डी असेल तर डीएमआर, एन असेल तर एनएक्सडीएन. दोन्ही डिजिटलच, पण एकमेकांशी डिजिटलमध्ये बोलत नाहीत. दोन कंपन्यांचे डीएमआर सेट साध्या बोलण्यापुरते जुळतात, दुरून सेट बंद करणं किंवा प्रायव्हसी जुळेलच असं नाही. सिमकार्डावर चालणारे सेट हालोल-सावली-दहेज असा फिरणारा ट्रान्सपोर्ट असेल तर उत्तम. पत्र्याच्या शेडच्या आत आणि पुरात टॉवर बंद पडल्यावर मात्र ते मोबाइलच आहेत.

बदलायचा दिवस

साप्ताहिक सुट्टीचा दिवस घ्या. आधीच्या आठवड्यात लेआउटचा नकाशा हातात घेऊन एकाने चालायचं, प्रत्येक ठरलेल्या जागी थांबून एक ते वीस आकडे म्हणायचे, दुसऱ्याने गेटवर ऐकून प्रत्येक जागेला गुण द्यायचे. बॉयलरच्या मागे, कोल्ड स्टोअरचं दार लावून आत, तळघरातल्या पंपापाशी, वजनकाट्याच्या खड्ड्यापाशी. हे डिजिटल सेट आल्यावर डिजिटलवरच करायचं, ॲनालॉगच्या जुन्या अनुभवावर नाही, कारण कडा वेगळी पडते. जिथे आकडे गळतात तिथे आधी अँटेना वर किंवा जागा बदलून बघायची.

सुट्टीच्या दिवशी रिपीटर बदलला की विभाग एकेक करून आणायचे, पण एक विभाग आणायचा तर पूर्ण आणायचा. अर्धी सिक्युरिटी डिजिटलवर आणि अर्धी ॲनालॉगवर असली की दोघांनाही वाटतं समोरचा उत्तर देत नाही. मेंटेनन्सपासून सुरुवात करा, त्यांना यंत्राशी जुळवून घ्यायची सवय असते. सिक्युरिटी शेवटी. महिन्याभराने मिक्स्ड मोड बंद करून रिपीटर निव्वळ डिजिटल करा, नाहीतर तो कायमचा तसाच राहतो.

जुने सेट मग मोजून, नंबर लिहून एका पेटीत. ते लायसन्सवरून उतरवायचे, आणि २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणी असलेल्या रिसायकलरला देऊन पावती घ्यायची. आठवडी बाजारात भंगारवाल्याला दिलेला सेट पुढच्या महिन्यात तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर बोलायला लागू शकतो, त्याच्या आतलं प्रोग्रामिंग कोणी पुसलेलं नसतं. म्हणून पेटी बंद करण्याआधी प्रत्येक सेट संगणकाला लावून रिकामा करा, बॅटऱ्या काढून त्यांच्या टोकांवर टेप लावा.